वंश निसर्गात नाही, दप्तरात आहे

वंश ही जीवशास्त्रातली गोष्ट नाही, ती समाजाने रचलेली आहे, असं म्हटलं की हल्ली तीन आक्षेप ठरलेल्या क्रमाने पुढे येतात. पहिला डोळ्यांचा: नायजेरियाचा, नॉर्वेचा आणि जपानचा माणूस शेजारी उभे केले तर लहान पोरही त्यांना वेगळं ओळखेल. दुसरा प्रयोगशाळेचा: थुंकीचा नमुना पाठवला की तुमचे पूर्वज कोणत्या खंडातले ते कळतं, मग वंश खोटा कसा? तिसरा दवाखान्याचा: काही आजार काही वंशांनाच होतात, आणि पुरोगामीपणापायी हे नाकारणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. या तिघांच्या आडून एक चौथी गोष्ट येते आणि खरा मुद्दा तोच असतो. माणसामाणसांतली उच्चनीचता निसर्गानेच घालून दिली आहे, तेव्हा ती मोडायला निघालेले लोक निसर्गाशी भांडताहेत.

हे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. त्यांना मुद्देसूद उत्तर दिलं पाहिजे, आणि मराठी माणसाने तर दिलंच पाहिजे. वंशाची मोजपट्टी आपल्या नाकाडोळ्यांवर प्रत्यक्ष लावली गेली होती, आणि ती खोटी पाडणाऱ्यांत आपलीच माणसं पुढे होती.

हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला इंग्रज सनदी अधिकारी. माणसाच्या नाकाची रुंदी घ्यायची, तिला शंभराने गुणायचं आणि नाकाच्या उंचीने भागायचं. येणारा आकडा म्हणजे नासिकांक. नाक जितकं बसकं तितका आकडा मोठा. हजारो माणसांची अशी मापं घेऊन रिस्लेने १८९१ च्या सुमारास सिद्धान्त मांडला की, जात जितकी वरची तितकं तिचं सरासरी नाक अरुंद, आणि म्हणून जातिव्यवस्था म्हणजे गोऱ्या आर्यांनी काळ्या मूलनिवासींवर मिळवलेल्या विजयाचा जिवंत पुरावा. पुढे हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायचा घाट त्याने घातला. १९०८ च्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्याने या देशातल्या माणसांचे सात वांशिक प्रकार पाडले. महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी त्याने एकाच खणात टाकले: ‘सिथो-द्रविड’, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शकांचा आणि द्रविडांचा संकर. आधार काय, तर डोकी रुंद भरली. आपण शुद्ध आर्य आहोत याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि त्यासाठी इंग्रजांच्या मानवशास्त्राची साक्ष काढणाऱ्यांनी हा खण एकदा नीट पाहावा.

रिस्लेची खरी चूक मापं घेण्यात नव्हती. ती त्याआधीच्या पायरीवर होती. माणूस मोजपट्टीसमोर उभा राहण्यापूर्वीच त्याची जात कागदावर लिहिलेली असे. मग त्या त्या जातीची सरासरी काढायची आणि सरासऱ्या उतरत्या क्रमाने मांडायच्या. नाकावरून गट सापडले असते तर तो शोध ठरला असता. इथे गट समाजाने आधीच पाडलेले होते, मोजपट्टीने त्यांच्यावर शास्त्राचा शिक्का मारला. शिवाय सरासरीमागे माणसं झाकली जातात. एकाच जातीत अरुंद नाकही होतं आणि बसकंही होतं. एखाद्याच्या नासिकांकावरून त्याची जात ओळखून दाखवा, असं आव्हान दिलं असतं तर हा सिद्धान्त तिथेच कोसळला असता.

तो कोसळला तो रिस्लेच्याच आकड्यांनी. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला शिकून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले होते. १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात त्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. गंगेच्या खोऱ्यातल्या संयुक्त प्रांतात काही क्रम दिसतो हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. पण त्या पट्ट्याबाहेर, पंजाब, मुंबई, मद्रास इलाख्यांत, जातीची पायरी आणि नाकाचं माप यांचा तसा मेळ बसत नाही, हेही त्यांनी दाखवलं. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण मापाने स्वतःच्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्याच्या अधिक जवळ निघाला. ज्याची सावली टाळायची, त्याच्याशीच मोजपट्टीने नातं जुळवून दिलं.

बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा पकडून १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये निर्णायक घाव घातला. प्रतिपक्षाने निवडलेलं मापच त्यांनी हाती घेतलं आणि त्यातून निघणारा निष्कर्ष समोर ठेवला: ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणातही त्यांचं हेच म्हणणं होतं. पंजाबातल्या ब्राह्मणाचं रक्ताचं नातं मद्रासच्या ब्राह्मणाशी नाही, ते पंजाबातल्याच चांभाराशी आहे. आणि त्याही वीस वर्षं आधी, १९१६ च्या मे महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ नेमकं दाखवलं होतं. गटाबाहेर लग्न करायचं नाही, हा नियम म्हणजे जात. रक्तातून नियम निघालेला नाही. नियमाने रक्ताला कुंपण घातलं. शंभर वर्षांनी जनुकशास्त्र याच वाक्यापाशी येऊन पोहोचलं, त्याकडे मी पुढे येतो.

तिसरं नाव इरावतीबाई कर्व्यांचं. ‘युगान्त’मुळे त्या घराघरांत माहीत आहेत, पण त्यांचं बर्लिनमधलं काम फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, त्या काळी वंशशास्त्रातलं जर्मनीतलं सर्वांत वजनदार नाव. फिशर यांची अटकळ अशी होती की युरोपीय कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्या असमानतेचा बुद्धीशी संबंध आहे आणि इतर वंशांत ती तशी आढळणार नाही. इरावतीबाईंनी निरनिराळ्या खंडांतल्या कवट्या मोजल्या आणि असमानता सगळीकडेच असते, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. पंचविशीच्या आतबाहेरची एक हिंदी विद्यार्थिनी, परका देश, पदवी ज्याच्या हाती तो गुरू, आणि प्रबंधात त्याच्याच अटकळीचा इन्कार. फिशर पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेच्या विद्येचं काय झालं हे जगाने पाहिलं.

याच जर्मनीत १९३५ साली न्युरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू कोण हे ठरवायची वेळ आली, तेव्हा कवटी मोजणारे शास्त्रज्ञ हाताशी होते, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या. तरीही कायद्याला कसोटी लावावी लागली ती धर्माची. आजीआजोबांपैकी किती जण ज्यू धर्मसमाजात नोंदलेले होते, ते बघायचं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या धुंडाळून माणसांचा ‘वंश’ काढला गेला. वंश रक्तात आहे असं सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या राजवटीला तो रक्तात सापडला नाही. तो तिला दप्तरात शोधावा लागला, आणि लाखो माणसं त्या नोंदींवरून मारली गेली.

अमेरिकेतही हेच. तिथे बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व मिळण्याचा हक्क मुख्यतः ‘गोऱ्यां’पुरता होता. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपान्याला सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, नुसत्या गोऱ्या कातडीने भागत नाही. तीन महिन्यांनी भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख, अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला, त्याच न्यायालयापुढे उभा राहिला. तेव्हाचं वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानी माणसाला कॉकेशियन मानत होतं. न्यायालयाने आता शास्त्र बाजूला सारलं आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निवाडा दिला. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी माणसांचं नागरिकत्व या निकालानंतर काढून घेण्यात आलं. पुढे तिथल्या जनगणनेत हिंदी माणूस १९४० पर्यंत ‘हिंदू’ नावाच्या वंशाचा होता, १९७० मध्ये गोऱ्यांत मोजला गेला आणि १९८० मध्ये आशियाई झाला. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपला वंश जन्मसिद्ध समजण्यापूर्वी हा इतिहास वाचावा. एका आयुष्यात तीन वंश बदलले आणि रक्ताचा थेंबही बदलला नाही.

आपल्याकडच्या पलटणींत याहून उघड उदाहरण आहे. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत लढलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या वंशां’चा सिद्धान्त उचलून धरला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. लष्करी अधिकारी सांगत होते की शौर्य काही वंशांच्या रक्तातच असतं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. शौर्य रक्तात असतं तर ते सरकारच्या गरजेप्रमाणे ये-जा करतं का?

आता डोळ्यांच्या आक्षेपाकडे वळू. नायजेरिया, नॉर्वे आणि जपान ही तीन टोकं निवडली की माणसं वेगळी दिसणारच. मधली वाट चालून पाहा: नायजेरियातून साहेल, तिथून नाईलचं खोरं, मग तुर्कस्तान, बाल्कन देश, जर्मनी, नॉर्वे. इथे एक वंश संपला आणि दुसरा सुरू झाला, असं कोणतं गाव दाखवणार? आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत बोली बदलत जाते, टोकाची माणसं एकमेकांच्या बोलीने गोंधळतात, पण वाटेत कुठेही बोलीची भिंत लागत नाही. माणसाच्या शरीराचंही असंच आहे. फरक खरा आहे, सीमा आपण आखतो.

आणि डोळा जे पकडतो ते वरवरचं असतं. गडद कातडी ही मुख्यतः कडक उन्हाच्या प्रदेशातल्या दीर्घ वास्तव्याची खूण आहे. पापुआ न्यू गिनीचा माणूस आणि नायजेरियाचा माणूस दोघेही काळे, पण पापुआचा माणूस जनुकांनी आफ्रिकेपेक्षा चीन-जपानच्या लोकांना जवळचा. उलट, माणसांतली सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेच्या आत आहे. दक्षिण आफ्रिकेतले सान आणि नायजेरियातले योरुबा यांच्या पूर्वजांची फारकत युरोपीय आणि चिनी यांच्या फारकतीहून कितीतरी जुनी आहे. डोळ्याला ते दोघेही ‘काळे’च दिसतात. ज्या खणात सर्वांत जास्त वैविध्य कोंबलेलं आहे, त्याला आपण एक वंश म्हणतो.

प्रयोगशाळेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७२ मध्ये रिचर्ड लेवोन्टिन यांनी दाखवलं की माणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच असतो आणि तथाकथित वंशांमधला वाटा सहा टक्क्यांच्या आसपास भरतो. त्यावर २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी आक्षेप घेतला की खुणा एकेकट्या न पाहता एकत्र पाहिल्या तर माणसांचं वर्गीकरण करता येतं. हे गणित बरोबर आहे. पूर्वजांचा प्रदेश जनुकांवरून ढोबळपणे सांगता येतो, ही वस्तुस्थिती नाकारण्याचं कारणच नाही. पण त्यातून वंश सिद्ध होतात का?

वंशवादी मंडळी यासाठी २००२ सालचा रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पुढे करतात. जगभरच्या ५२ समूहांतल्या हजाराहून अधिक माणसांचे नमुने त्यात होते. त्यात किती गट पाडायचे हे संगणकाला सांगावं लागतं. पाच सांगितले तर गट साधारण खंडांप्रमाणे पडले. त्या पाचांत पठाण आणि फ्रेंच एकाच गटात आले. सहा सांगितले तेव्हा सहावा गट कोणाचा निघाला? चित्रालच्या दऱ्यांत राहणाऱ्या, जेमतेम काही हजार असलेल्या कलाश लोकांचा. पाच गटांना निसर्गाने केलेले वंश म्हणायचं असेल, तर कलाश हा सहावा महावंश मानावा लागेल आणि पेशावर-पॅरिसमधलं वांशिक अंतर पुसावं लागेल. ते कोणी मानत नाही. म्हणजे आकडा किती घ्यायचा हे जनुकं ठरवत नाहीत, आपल्या मनात आधीपासून बसलेलं चित्र ठरवतं. रिस्लेच्या मोजपट्टीत आणि यात यंत्र बदललं, पायरी तीच राहिली.

भारताच्या बाबतीत काही जण म्हणतात की नव्या जनुकशास्त्राने रिस्लेला खरा ठरवलं. २००९ च्या आणि २०१३ च्या अभ्यासांनी भारतीयांत ‘उत्तरी पूर्वज’ आणि ‘दक्षिणी पूर्वज’ असे दोन प्राचीन प्रवाह दाखवले, आणि वरच्या मानलेल्या जातींत उत्तरी वाटा सरासरीने जास्त निघतो. हा तपशील खरा आहे, तो लपवू नये. पण तेच अभ्यास पुढे काय सांगतात? आजच्या भारतातला जवळजवळ प्रत्येक समूह या दोन्ही प्रवाहांच्या मिश्रणातून झालेला आहे. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे सर्रास मिसळण झाली आणि त्यानंतर ती आटली, कारण गटाबाहेर लग्नं होईनाशी झाली. म्हणजे आज जातीजातींत जे जनुकीय फरक दिसतात, ते बऱ्याच अंशी लग्नबंदीने गोठवून ठेवले आहेत. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध पुन्हा वाचा. जातीने जनुकांवर ठसा उमटवला, जनुकांनी जात जन्माला घातली नाही. परिणामालाच कारण ठरवून त्याच व्यवस्थेचं समर्थन करणं ही सरळसरळ लबाडी आहे.

राहिला दवाखाना. सिकलसेलचं वर्णन १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याच्या रक्तावरून प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत तो काळ्यांचा आजार ठरला, इतका की गोऱ्या रुग्णात तो आढळला तर त्याच्या वंशावळीवर शंका घेतली जाई. पण तो ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, आणि आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत आहे. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला. या जनुकाची एकच प्रत असली तर मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते टिकलं. त्याचा नकाशा मलेरियाच्या नकाशाशी जुळतो, वंशाच्या नकाशाशी जुळत नाही. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही आहे. ‘हा आदिवासींचा रोग’ अशी समजूत असलेला डॉक्टर बाकीच्यांची तपासणी सांगायला विसरेल, आणि त्याची किंमत एखादं पोर मोजेल.

वंश मानल्याने रुग्ण वाचतात, या दाव्याची परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णी रुग्णांसाठी आकडा वाढवणारा गुणक होता. त्यामुळे त्यांची मूत्रपिंडं कागदावर चांगली दिसत आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. तो गुणक काढून टाकण्याची शिफारस २०२१ मध्ये झाली, आणि २०२३ पासून अशा रुग्णांचा हिरावलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खात्यात जमा करण्याची दुरुस्ती सुरू झाली. रुग्णाच्या जिवाशी खेळ झाला तो वंश मानण्यामुळे.

‘समाजाने रचलेला म्हणजे खोटा’ असा सोपा अर्थ मात्र कोणी काढू नये. पैसा समाजानेच रचलेला आहे, तरी तो नसला की चूल पेटत नाही. वंशावरून माणसांचं नागरिकत्व गेलं, नोकऱ्या गेल्या, जीव गेले. जातीवरून आजही जातात. म्हणून ‘वंश नाहीच, मग वंशभेदाची चर्चा कशाला, आरक्षण कशाला’ असं म्हणणाऱ्यांना माझ्या युक्तिवादातून काहीही मिळणार नाही. जखम खरी आहे, तेव्हा तिची नोंद ठेवली पाहिजे, मोजणी केली पाहिजे, भरपाई केली पाहिजे. माणसं कोणत्या खणात टाकली गेली याची नोंद ठेवणं वेगळं आणि तो खण निसर्गाने बनवला असं मानणं वेगळं.

या सगळ्याचा आग्रह धरण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. विषमता निसर्गाने केली असं एकदा मान्य केलं की कोणालाच जाब विचारता येत नाही. ती माणसांनी केली असेल तर प्रत्येक पायरीवर जबाबदार कोण ते दाखवता येतं: तो कायदा, तो जनगणनेचा तक्ता, भरती बंद करणारा तो हुकूम, गटाबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला घराबाहेर काढणारं ते कुटुंब. रिस्ले, फिशर आणि त्यांच्या आजच्या वारसांना हाच जाब टाळायचा आहे. घुर्ये, इरावतीबाई आणि बाबासाहेब यांनी त्यांचीच मापं घेऊन त्यांना उत्तर दिलं. ते उत्तर आपल्या शाळांच्या पुस्तकांत, वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांत आणि लग्न जुळवताना ‘आपल्यातलीच’ शोधणाऱ्या घरांत पोहोचवणं हे आपलं काम आहे. माणसांनी लिहिलेल्या नोंदी माणसांनाच खोडता येतात, आणि ज्यांच्यावर त्या लिहिल्या गेल्या त्यांना तसं करण्याचा पूर्ण हक्क आहे.